डावा दाबा

बाबा,

आज गुरुवार आहे आणि मी सहकारनगरात गेलेले नाही. दुपारपासून ओट्याशी स्टूल ओढून लिहीत बसलेय. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हा सहकारनगरात कोण राहतं इथपासून सांगायला हवं. मी नोकरी सोडली. खराडीतली, तुम्ही शेजारपाजाऱ्यांना कौतुकाने सांगायचात ती. आता मी लोकांना सायकलवरून डोंगरात नेते. शनिवार-रविवारी पहाटे दहा-बारा जण जमतात, टेंपोत सायकली चढवून मुळशीकडे जायचं, पठारावरच्या पायवाटांनी, कारवीतून, कड्याच्या कडेकडेने सायकली चालवायच्या, खाली धरणाचं पाणी दिसलं की थांबून फोटो काढायचे, आणि पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी खाऊन परत. 'सायकलीला रस्ते कमी पडले काय?' असं तुम्ही नक्की विचारलं असतंत. आईही तेच विचारते. पण लोक येतात. जाड टायरच्या सायकली मीच देते आणि मीच दुरुस्त करते, म्हणजे तुमची शिकवणी अगदीच फुकट गेली नाही.

स्वारगेटमागच्या त्या गॅरेजात मी तुमचा डबा घेऊन यायचे, तेव्हा तुमचे फक्त पाय दिसायचे. बाकीचे तुम्ही कुठल्यातरी टेंपोखाली. सगळे तुम्हाला 'ब्रेकवाले' म्हणायचे आणि मला त्याचा कोण अभिमान! दहावीला तुम्ही मला सायकल दिलीत, सुटे भाग जमवून स्वतः जोडलेली, आणि हातात द्यायच्या आधी स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून ब्रेकची केबल माझ्याकडून ओवून घेतलीत. आई कणीक मळत होती आणि ग्रीसच्या वासाने वैतागली होती. मी ब्रेक दाबून म्हटलं, 'लागतोय बहुतेक.' तुम्ही वरही न बघता म्हणालात, 'असं? मग बहुतेक परत येशील घरी.' मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी जेवले नाही. पण केबल पुन्हा पहिल्यापासून ओवली.

म्हणून माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला निघायच्या आधी एक कवायत करावी लागते. आपल्याकडे स्कूटर घ्या नाहीतर सायकल, डाव्या हाताचा ब्रेक मागच्या चाकाला, उजव्या हाताचा पुढच्या. तीव्र उतारावर पुढचा करकचून दाबला की चाक जागेवर अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. ते नवख्यांना घाबरल्यावर आठवत नाही. मग मी सगळ्यांना ओळीने उभं करून विचारते, 'घाबरलात तर काय दाबायचं?' आणि सगळ्यांनी शाळेतल्यासारखं ओरडायचं, 'डावा!' लोक हसतात, पण लक्षात राहतं. फक्त माझी स्वतःची सायकल वेगळी आहे. ती मी परत निघालेल्या एका परदेशी माणसाकडून घेतली. त्यांच्याकडे उलटं असतं, डावा पुढचा. केबल बदलणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. मी केलं नाही. मला दोन्ही जमतं, अशी मिजास होती, दुसरं काय.

गेल्या वर्षी थंडीत एक गृहस्थ आले. पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले, साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशात अजूनही पेन्सिल. आयुष्यभर धरणांचे नकाशे काढले, आता एकदा वरून धरण बघायचंय, म्हणाले. 'डावा!' सगळ्यांत मोठ्याने तेच ओरडले. पठारावर त्यांची सायकल दगडावर आपटली आणि मागची गिअरची दांडी वाकली. पुढे चढ होता, गट पुढे गेलेला. मी त्यांना माझी सायकल दिली आणि त्यांची मोडकी घेऊन मागून निघाले. सीटची उंची बघितली, टायरमधली हवा बघितली, हेल्मेटचा पट्टा स्वतः आवळला. ब्रेकचं सांगितलं नाही. विसरले, बाबा. एवढंच आहे ते, यात दुसरं काही शोधू नका.

चढ संपल्यावर घसाऱ्याचा उतार आहे, बारीक मुरमाचा. ते वेग घेत गेले, घाबरले, आणि मागे वळायचा प्रयत्न करत ओरडले, 'मॅडम!' आणि मी मागून जीव खाऊन ओरडले, 'डावा, सर! डावा दाबा!' त्यांनी ऐकलं. किती आज्ञाधारक माणूस! पुढचं चाक जागच्या जागी अडलं आणि ते मानेवर पडले. मी पोचले तेव्हा शुद्धीवर होते. मला म्हणाले, 'तुमच्या सायकलला काही झालं नाही ना?' गावातल्यांनी दाराची फळी आणली, तिच्यावरून त्यांना खाली न्यायला दोन तास लागले. छातीखाली आता काही हलत नाही. हातांची बोटंही हलत नाहीत. पोलिसांना मी सांगितलं, उतारावर तोल गेला. फॉर्मवर त्यांची सही होतीच, स्वतःच्या जबाबदारीवर येतो अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या सायकलच्या केबल्स काढून अदलाबदल केल्या. अर्धा तासही लागला नाही. दाबूनही बघितल्या, सवयीने.

मी दर गुरुवारी सहकारनगरात त्यांच्याकडे जाते. लोक म्हणतात, किती करते हो ही! ते पडल्या पडल्या एकच गणित सोडवत असतात. 'मॅडम, मला स्पष्ट आठवतंय, मी डावाच दाबला. पण डावा दाबला तर पुढचं चाक अडेल कसं? बसत नाही हे.' त्यांच्या बाई स्वभावाने तिखट, दुःख झालं की आणखी तिखट होणाऱ्या. 'अहो, ह्यांना डावं-उजवं कधी कळलंय? सप्तपदीला उजवा पाय टाका म्हटलं तर डावा टाकत होते. भटजींनी गुडघ्याला धरून पाऊल ठेवून घेतलं.' पहिल्यांदा सगळे हसले, तेही हसले. आता येणारा प्रत्येक पाहुणा तेच म्हणतो, आणि ते हसत नाहीत. मध्यंतरी मला हळूच म्हणाले, 'नकाशांतही केल्या असतील का हो मी अशा चुका? तेव्हाही मला सगळं बरोबरच वाटायचं.' त्या माणसाची मान मी मोडलीच आहे. आता त्याचं डोकंही मी त्याच्याकडून काढून घेतेय, आणि एका वाक्यात ते परत देता येईल हे मला माहीत आहे.

तुमच्या शेवटच्या आजारात तुम्ही मला जवळ बसवून त्या टेंपोबद्दल सांगितलंत. कात्रजच्या घाटात ब्रेक लागला नाही, ड्रायव्हरचा पाय गेला. पुढे तो कुबड्या घेऊन गॅरेजात आला आणि म्हणाला, माझंच चुकलं, गिअर उशिरा टाकला. आणि तुम्हाला माहीत होतं की नट आवळायचा तुमच्याकडून राहिला होता. तुम्ही गप्प बसलात. मी काय म्हणाले आठवतं? 'मला कशाला सांगताय? त्याला सांगायचं होतंत.' किती ताठ उठले मी तिथून! त्यानंतर तीन आठवडे तुम्ही होतात. औषधं दिली, अंग पुसलं, पण तुमच्याशी धड बोलले नाही. विहारात पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या शीलापाशी तुमचा आवाज नेहमी खाली जायचा, ते लहानपणापासून ऐकत होते आणि तुम्हाला खोकला येतो असं समजत होते. मला माफ करा. तुम्ही निदान कुणाला तरी सांगितलंत.

गेल्या गुरुवारी त्यांनी बाईंना मुद्दाम औषध आणायला पाठवलं. दार लागल्यावर म्हणाले, 'मॅडम, तुम्ही मागेच होतात. तुम्ही बघितलंय. एकदाच सांगा आणि मला मोकळं करा. मी उजवा दाबला ना?' खोलीत आम्ही दोघंच होतो. याहून सोपी वेळ मला पुन्हा मिळणार नाही, हे त्या क्षणीही कळत होतं. मी म्हटलं, 'हो, सर. उजवा.'  ते म्हणाले, 'बरं झालं. म्हणजे तुमचा काही दोष नाही. मला उगाच अधूनमधून तुमचा संशय यायचा हो. माफ करा.'

आज दुपारी मी हा कागद घेतला तो त्यांना लिहायला. बाई वाचून दाखवतील, मला तिथे उभं राहावं लागणार नाही, असा हिशेब होता. वर 'सर' असं लिहिलं, आणि अर्धा तास पुढे काही लिहिता आलं नाही. मग ते खोडून 'बाबा' लिहिलं, आणि सगळं सरसर आलं, कारण तुम्ही काही वाचणार नाही.