कुणालाही न उठवणारी बोट

२ मार्च, सकाळ

ठरलं. बोट घ्यायची. जुनी चालेल, पण स्कीइंगची हवी आणि खवळलेल्या पाण्यात न डगमगणारी हवी.

कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला कुणी लहरी म्हणायला नको. काल भिंगरीचा फोन आला. भिंगरी म्हणजे आमची नात. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून भिंगरी. विचारते कशी, आजी, सुट्टीत तुझ्याकडे येऊन मी करू काय? मागच्या सुट्टीत ती तिच्या दुसऱ्या आजीकडे, म्हणजे आमच्या विहीणबाईंकडे होती. त्यांच्या कुणा भाच्याने बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरायला शिकवलं. तेव्हापासून माझं घर म्हणजे तिला दवाखान्याची बाहेरची खोली वाटते. आणि घर माझं आहे तलावाच्या काठावर! विहीणबाईंच्या घरासमोर काय आहे? लॉन्ड्री.

यांना सांगितलं. हे म्हणाले, बरं. मग पेपर तोंडावर घेऊन झोपले. संमती समजले.

३ मार्च

लेकीला कळवलं. तिने खोचकपणे विचारलं, आई, मागच्या वर्षीची बोटीतली फेरी विसरलीस का? तेव्हा हे एकदाच स्पष्ट करते. त्या फेरीत मला जे झालं ते पित्त होतं. रिकाम्या पोटी चहा घेतला होता. विहीणबाईंनी माझी पाठ चोळली आणि नंतर नात्यातल्या प्रत्येक घरी सांगितलं की आपण पाठ चोळली. असा तो परोपकार.

आमच्या तलावावर दुपारी वारा सुटतो, पाणी उसळतं. म्हणून बोट अशी हवी की पित्ताला वावच नको.

५ मार्च

बोटींविषयी होतं नव्हतं ते वाचून काढलं. आता मला कुणी फसवू शकत नाही. बोटीचा तळ दोन तऱ्हेचा असतो. सपाट, नाहीतर इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल. सपाट तळ लाटेवर आपटतो, व्ही लाट कापतो. सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, व्ही मला कळतो.

८ मार्च

पहिली बोट पाहिली, गावाबाहेरच्या मोठ्या जलाशयावर. मालक दातांचे डॉक्टर. बोट लाल, चकचकीत, तळ सपाट. डॉक्टर म्हणाले, हिचा वेक अगदी सॉफ्ट आहे, स्की करणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही. आवडलं मला. इंजिन सकाळी कुरकुर न करता हळुवार जागं होतं, हे किती नेमकं सांगितलं. फक्त वेक नव्हे, वेकिंग म्हणायला हवं होतं. तसं सांगितलं. ते तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले. दातांच्या डॉक्टरला शोभत नाही.

पाणी आरशासारखं होतं आणि बोट लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मी म्हटलं, वारा सुटेपर्यंत थांबू. डॉक्टर म्हणाले, कशाला? तिथेच ओळखलं. दुपारी बोट एकेका लाटेवर अशी आपटली की माझी वरची कवळी खालच्या कवळीशी भांडायला लागली. डॉक्टरांचा धंदा कसा चालतो ते समजलं.

परतताना थोडं पित्त. सकाळचा चहा.

१० मार्च, दुपार

खिडकीतून धक्क्यावरची पाटी दिसली आणि बरं वाटलं. या जगात माझ्यामुळे निदान एक गोष्ट सुधारली आहे.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा भर दुपारी मोटरबोटी धडधडत जायच्या. यांची झोप मोडायची. मी तलाव समितीला कडक अर्ज लिहिला. समितीने घाबरून पाटी लावली, भल्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत: नो वेक. म्हणजे, कुणाला उठवू नका. भावना उत्तम, व्याकरण भिकार. वेक हे क्रियापद. आमच्या शाळेतल्या सिस्टरांनी असं लिहिणाऱ्याला बाकावर उभं केलं असतं. दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. शेवटी फाटकाचा उरलेला हिरवा रंग घेऊन मी स्वतः पुढे आयएनजी जोडलं. नो वेकिंग.

तेव्हापासून तलावावर एक मोटरबोट वेगाने गेलेली नाही. भाषा शुद्ध असली की लोक ऐकतात.

१५ मार्च

दुसरी बोट. सोबत घरचं लाकडी उलथनं नेलं होतं. बोटीच्या जमिनीवर ठोकायचं. टणक आवाज आला तर आतलं लाकूड शाबूत; भद्द आवाज आला तर पाणी शिरून कुजलंय. पहिल्याच ठोक्याला उलथनं जमिनीतून आरपार गेलं. मालक म्हणाला, भरून द्या. मी म्हटलं, उलथनं भरून द्या. हे गाडीत झोपले होते म्हणून भांडण वाढलं नाही.

१९ मार्च

मिळाली!

दलाल मला मावशी म्हणाला. मी कुणाची मावशी नाही, असं सुनावलं. मग आजी म्हणाला. मावशी राहू दे म्हटलं.

बोट पांढरी, जडशीळ, तळाला खोल व्ही. उलथन्याखाली खणखणीत. दलाल म्हणाला, मावशी, खवळलेल्या पाण्यात हिच्यासारखी दुसरी नाही, पण स्कीसाठी म्हणाल तर हिचा वेक मोठा आहे. मी विचारलं, किती मोठा? म्हणे, अहो, मागे डोंगर उभा राहतो. आता आवाजाचा डोंगर कसा उभा राहील? पण या लोकांची बोलायची पद्धत. मी म्हटलं, चांगला सायलेन्सर बसवू. तो म्हणाला, सायलेन्सरने वेक कसा जाईल? बोटी विकतो आणि यंत्रातलं ओ की ठो कळत नाही.

वारा सुटल्यावर फेरी मारली. लाटा ही अशा, आणि बोट त्या कापत सरळ. पित्ताचा मागमूस नाही! मी उभी राहून हसत होते, असं दलाल म्हणाला. हे मागच्या सीटवर झोपले. भर लाटांत.

स्वयंपाकघराची दुरुस्ती पुढच्या वर्षी.

२० मार्च

भिंगरीला फोन केला. ती इतक्या जोरात किंचाळली की यांना जाग आली. पूर्ण सुट्टी माझ्याकडे! तिच्याकडे आलेल्या विहीणबाईंनी मागून फोन घेतला आणि म्हणाल्या, मीही येते हं दोन दिवस, तुमची बोट बघायला. यावं. अवश्य यावं.

२५ मार्च

बोट चालवायची परवानगी मिळाली. परीक्षकाने पाट्यांविषयी काही विचारलं नाही. विचारायचं होतं. उद्यापासून पहाटे व्यायाम.

२६ मार्च

पहाटे थंडी होती. उद्यापासून.

१२ एप्रिल

आज जे घडलं ते रागाच्या भरात लिहीत नाही.

सगळं ठीक होतं. आळीतली माणसं धक्क्यावर जमली होती. विहीणबाई टोपी घालून आल्या होत्या. भिंगरी पायात स्की चढवून पाण्यात, दोरी हातात. मी सुकाणूवर, हे मागच्या सीटवर. वेग दिला. आणि लगेच तलावाच्या रखवालदाराची शिट्टी. ओरडला, बाई, नो वेक!

मी म्हटलं, सकाळचे दहा वाजलेत, सगळे जागे आहेत, मी कुणाला उठवलं?

तेव्हा यांनी एक डोळा उघडला. म्हणाले, अगं, वेक म्हणजे बोटीच्या मागे उठते ती लाट. इथे पाण्याला उठवायचं नाही, असं लिहिलंय. माणसांचं काही नाही.

मी विचारलं, तुम्हाला केव्हापासून माहीत? म्हणाले, पाटी लागली तेव्हापासून. मग बोलला का नाहीत? तर म्हणे, इंग्रजी तुझं. आणि झोपही छान लागत होती.

रखवालदाराने आणखी माहिती दिली. पूर्वी इथे स्की चालायचं. मग काठावरच्या कुणा बाईने अर्ज केला. आता बोट चालत्या माणसाच्या वेगाने न्यायची. शिवाय पाटीवर हिरवा रंग कुणी फासला, ते समिती शोधते आहे. मी वाऱ्याची दिशा पाहिली.

तरी माघार घेतली नाही. चालत्या माणसाच्या वेगाने भिंगरीला ओढलं. ती स्कीसकट सावकाश बुडत गेली. गळ्याशी पाणी आल्यावर म्हणाली, आजी, मी पोहत पुढे होऊ का?

विहीणबाईंनी टोपी तोंडावर ओढली. खांदे हलत होते.

१३ एप्रिल

भिंगरी विहीणबाईंच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. बॅग भरायचीच गोष्ट असणार. मी ऐकलं नाही. स्वयंपाकघर आवरलं. दोनदा.

१४ एप्रिल

बॅग नाही. दोघींनी धक्क्यावरची पायडलची बदकाची बोट भाड्याने घेतली आणि माझ्या व्ही तळाच्या बोटीला मागे टाकून गेल्या. विहीणबाईंनी ओरडून विचारलं, पित्त कसं आहे? भिंगरी म्हणाली, आजी, बदकात मधली जागा रिकामी आहे, ये ना! तत्त्वाचा प्रश्न आहे. नकार दिला.

१५ एप्रिल

मधली जागा अरुंद आहे. वारा सुटल्यावर बदक हवं तसं हलतं. पित्त झालं. विहीणबाईंनी पाठ चोळली. भिंगरी इतकी हसली की आम्ही दोघीही हसलो. मी कमी.

१७ एप्रिल, संध्याकाळ

भिंगरी पूर्ण सुट्टी राहणार. तिने स्वतः सांगितलं. मात्र बदकाला दोन्ही बाजूंनी पाय मारणारं माणूस लागतं, म्हणून विहीणबाईही पूर्ण सुट्टी राहणार. त्यांनी माझ्या डब्यांच्या जागा बदलल्या आहेत.

चहा झाला म्हणून यांना शोधायला धक्क्यावर गेले. बोटीत पाय पसरून झोपले होते. वाऱ्याने पाणी उसळत होतं. बोट जराही डगमगत नव्हती. निवड चुकली नव्हती, हे यातून सिद्ध होतं.

हाक मारायला तोंड उघडलं, तर समोर पाटी. समितीने माझं आयएनजी खरवडून काढलं आहे.

उठवलं नाही.