उवांना अभयदान

१८ ऑगस्ट, सोमवार

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत. वाया घालवण्यापेक्षा इथंच लिहिते.

शाळेतून चिठ्ठी. ब्राह्मीच्या डायरीत तरन्नुम मॅडमनी लिहिलंय, "मुलीच्या डोक्यात उवा आहेत, लक्ष द्यावे." तेही लाल पेनानं. निळं पेन संपलं होतं का?

आमच्यात उवा नाहीत. माझ्या माहेरी शिराळ्याला कधी नव्हत्या. इथं सासरी मी येण्याआधी असतील तर ठाऊक नाही. कुठून आल्या ते उघड आहे. ब्राह्मीच्या बाकावर मल्लिका बसते. मल्लिका म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, चंदनाची पोरगी. भिंतीला भिंत लागून घर. पोरीचे केस मोकळे सोडते, वर हेअरबँड. मोकळे केस म्हणजे उवांचा एस.टी. स्टँड.

निश्चय: अनंत चतुर्दशीच्या आत ब्राह्मीचं डोकं स्वच्छ. गाजावाजा न करता. कारण त्या दिवशी बस्तीत, आमच्या जैन देवळात, मंडळाचा "सोळा स्वप्नं" कार्यक्रम आहे आणि त्यात यंदा जिनमाता, म्हणजे तीर्थंकरांची आई, मी आहे. इतकी वर्षं चंदनाच व्हायची, रंग उजळ म्हणून. यंदा मी मंडळाच्या अध्यक्षांना, अनंतमती काकींना, सरळ विचारलं, माता व्हायला रंग लागतो का पुण्य? काकी म्हणाल्या, "बरं बाई, तू हो."

माता पलंगावर झोपते, सोळा शुभ स्वप्नं बघते. उठल्यावर अष्टकुमारी तिची सेवा करतात. कुणी आरसा धरते, कुणी वारा घालते. केस विंचरायचं काम ब्राह्मीकडं. आरसा मल्लिकाकडं.

उवांचं बाहेर फुटलं तर आम्ही मायलेकी घरात, आणि माता कोण होणार ते सांगायला नको.

१९ ऑगस्ट, मंगळवार

भिंतीला कान असतात. चंदना सकाळीच आली. म्हणते, "आक्का, औषधाचा शाम्पू हाय माझ्याकडं. अर्धी बाटली शिल्लक हाय. रात्री लावा, सकाळी सगळ्या खल्लास."

शिल्लक! म्हणजे अर्धी बाटली कुणाच्या डोक्यावर गेली? स्वतःच्या तोंडानं सापडली.

आणि खल्लास म्हणे. पर्युषण पर्व तोंडावर आलंय, रोज एक धर्म पाळायचा असे दहा दिवस. ऊ म्हणजे तीन इंद्रियांचा जीव. तिला स्पर्श कळतो, चव कळते, वास कळतो. चंदनाला यातलं काय काय कळतं कोण जाणे.

माझी पद्धत ठरली. ब्राह्मीला पाटावर बसवायचं, खाली पांढरं धोतर, लाकडी फणी. निघालेली ऊ कापसाच्या बोळ्यावर अलगद घ्यायची आणि गुंतवळाच्या पिशवीत सोडायची. विंचरताना गळलेले केस मी टाकत नाही, दाराआड खुंटीला पिशवी आहे, त्यात साठवते. केसवाली येते, ते केस नेते आणि बदल्यात स्टीलची वाटी देते. केसातला जीव केसातच राहिला. हत्या नाही, खर्च नाही, आणि वाटी आहेच.

हे इतकं सोपं कुणाला कसं सुचलं नाही?

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज बऱ्याच निघाल्या. सगळ्या पिशवीत, सुखरूप.

ब्राह्मी म्हणाली, मल्लिकाची आई उवा नखावर चिरडायची, टच् असा आवाज येतो, मज्जा येते. मी नरकाचं वर्णन केलं. थोडं वाढवून केलं. तर विचारते, "मग ऊ मला चावते, ते पाप कुणाला?"

अभ्यासाला बसवलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

शाळेत जाऊन आले. मॅडमना म्हटलं, मल्लिकाला दुसऱ्या बाकावर बसवा. मॅडम म्हणाल्या, "ताई, निम्म्या वर्गात आहेत. बाक बदलून उवा जात नाहीत. घरातल्या सगळ्यांची डोकी एकदम बघा. तुमचंसुद्धा."

माझंसुद्धा! दहावी मीही पास आहे, पहिल्या झटक्यात. मी वर्गाच्या दारात नुसती उभी राहिले. मधल्या सुट्टीपर्यंत. शेवटी हलवलं मल्लिकाला.

मल्लिका रडली म्हणे. ब्राह्मी घरी येऊन जेवली नाही. एक वेळचा उपास पोरांना चांगलाच.

२५ ऑगस्ट, सोमवार

जिनमातेला लांब जाड वेणी लागते. माझी वेणी आता उंदराच्या शेपटीवर आलीय. सांगलीला नाटकाचे कपडे देणाऱ्या ड्रेपरीवाल्याकडं फोन केला, तर गंगावनाचं भाडं सांगतो, वर डिपॉझिट! केसांना डिपॉझिट! मी काय ते घेऊन हिमालयात जाणार आहे?

मग पिशवी आठवली. तीन वर्षांचं गुंतवळ, माझं आणि ब्राह्मीचं, घरचा माल. माझी आई घरीच गंगावन वळायची. दुपारभर बसून वळलं. काळ्या दोऱ्यानं बांधलं, गोंडा लावला. दृष्ट लागेल असं झालंय. वाटी गेली, पण डिपॉझिट वाचलं.

धुतलं नाही. धुतलं तर आतले जीव जायचे. उन्हातही टाकलं नाही, त्याच कारणानं. सावलीत हलकंच झटकलं आणि पुन्हा त्याच पिशवीत ठेवलं. पिशवी चालूच आहे. ब्राह्मीच्या रोजच्या त्यातच सोडते.

२८ ऑगस्ट, गुरुवार. पर्वाचा पहिला दिवस, उत्तम क्षमा

सगळ्यांना क्षमा केली. चंदनाचं प्रकरण मोठं आहे, ते सावकाश बघू.

तालीम सुरू झाली. मी काकींना बाजूला घेऊन एकांतात सांगितलं, मल्लिकाच्या डोक्याची शंका आहे, बाकीच्या पोरींचा विचार करा. काकींनी ते प्रत्येकीला एकांतात सांगितलं. संध्याकाळपर्यंत मल्लिका कार्यक्रमातून बाहेर. आरसा धरायला दुसरी पोरगी मिळाली नाही. आरशाशिवाय चालेल. माता दिसायला लोकांना पाहिजे, मला नको.

२९ ऑगस्ट, शुक्रवार. उत्तम मार्दव

आज गर्व सोडायचा. गंगावन लावून तालमीला गेले. बायका मागून ओढून बघत होत्या. "खरंच वाटतंय की गं!" मी गर्व केला नाही. मात्र घरी येईपर्यंत काढलंही नाही.

टाळूला जरा चुणचुण. एकवेळ जेवणानं अंगात उष्णता होतेच.

३१ ऑगस्ट, रविवार. उत्तम शौच

ब्राह्मीच्या डोक्यात आता फारशा राहिल्या नाहीत. माझी पद्धत जिंकली. शाम्पूवाल्यांनी दुकानं बंद करावीत.

माझी चुणचुण आता कानामागं आलीय. खोबरेल भेसळीचं निघालं. दुकानदाराला जाऊन सुनावलं. तो म्हणाला, "आक्का, ह्याच डब्यातलं तेल अख्खी गल्ली लावतीया." गल्लीचं मला सांगू नको म्हटलं.

यांनी आजपासून उशी सोप्यात नेली. म्हणाले, "शिराळ्याची माणसं नाग पुजतात, ते माहीत होतं. तू उवा पाळतीस, हे लग्नात सांगितलं न्हाई कुणी." मी मौन धरलं. पर्व नसतं तर शिराळ्याची माणसं आणखी काय करतात ते दाखवलं असतं.

१ सप्टेंबर, सोमवार. उत्तम सत्य

चंदना भांडायला आली. गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "आक्का, माझ्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलंय? बाक काढला, कुमारी काढली. उन्हाळ्यात झाल्या हुत्या तिला, मी लपवलं का? आता एक लीख काढून दावा, वरीसभर तुमच्या दारात भांडी घासते!"

बघितलं. दिव्याखाली बघितलं. नव्हती.

मी म्हटलं, मारल्यास म्हणून नाहीत. ती म्हणाली, "मग तुमच्या कुठं गेल्या?"

सत्याचा दिवस. मी सत्यच बोलले. सगळ्या सुखरूप आहेत.

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. हातात केसांचा आकडा होता, सहज डोक्यात फिरवत होते. जाताना म्हणाली, "आक्का, जरा स्वतःचं बघा." मॅडमचं आणि हिचं आतून काहीतरी आहे. शब्द सारखेच कसे?

मल्लिका दारात उभी होती. ब्राह्मी तिच्याकडं बघत होती, मी बघतेय असं बघून आत गेली.

३ सप्टेंबर, बुधवार. उत्तम तप

रात्रभर झोप नाही. पण त्यातला अर्थ आज कळला. मुनी डासमाशांचा दंश सहन करतात, त्याला परीषह म्हणतात. मला तेल आणि उष्णता मिळून तसाच परीषह आला आहे. हे पुण्याचं लक्षण.

नियम घेतला: डोकं खाजवायचं नाही.

सकाळी ९. नियम खाजवण्याचा आहे, चोळण्याचा नाही.

दुपारी. पदरावरून चालतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार. उत्तम आकिंचन्य

काकींनी पुठ्ठ्याची सोनेरी फणी आणली होती. नुसता कागद, वर चमकी, आणि मंडळाच्या पैशांतून! मी परत करायला लावली. घरची लाकडी फणी नेईन म्हटलं. बारीक दातांची आहे, तेल पिऊन चकाकते, शेवटच्या रांगेतूनही खरी दिसेल.

ब्राह्मीला तिचं वाक्य पाठ झालंय. "माते, आपला केशसंभार मेघासारखा काळा आहे." माईकवर म्हणायचं आहे. घोकताना मधेच म्हणाली, "आई, मल्लिकाला आरसा देऊ या की." मी म्हटलं, उद्या संपू दे सगळं.

उद्या. पांढरी नऊवारी इस्त्री करून ठेवली. गंगावन पिशवीत.

७ सप्टेंबर, रविवार

काल चतुर्दशीला काय झालं ते लिहायचं नव्हतं. पण पानावर तारीख घातली गेलीय.

बस्ती भरलेली. मी पलंगावर निजले. बस्तीचे पुजारी उपाध्ये माईकवर एकेक स्वप्न सांगू लागले. पहिलं ऐरावत. बरं वाटलं. बैल, सिंह, लक्ष्मी. सूर्यचंद्रापर्यंत निभावलं. मत्स्ययुगुल आलं तेव्हा कानामागं काहीतरी पोहायला लागलं. हात हलवायचा नाही, माता झोपलेली असते. समुद्र आला, सिंहासन आलं. आजवर उपाध्ये इतके सावकाश बोलत नव्हते. सोळावं स्वप्न, धूर नसलेला अग्नी. तो मला दिसला नाही, पण कुठं लागलाय ते कळत होतं.

उठले. कुमारी आल्या. ब्राह्मीनं फणी घातली, ओढली. तोंडापुढं माईक. मी हसून वाट बघतेय मेघाची.

ब्राह्मीची फणी थांबली. मग म्हणाली, "आई, मेघ हलतोय."

सगळ्या बस्तीत घुमलं.

मी दातओठ खाऊन म्हटलं, पुढचं म्हण. तिला पुढचं तेवढंच माहीत, जे मी शिकवलं होतं. "आई, चिरडू नको! कापूस आण, पिशवीत सोडू या!"

पांढऱ्या नऊवारीवर एक उतरली. चांगली धष्टपुष्ट. पदरावरून शांतपणे चालत गेली. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मान वळवून वळवून बघितली. एका कुमारीनं चवरी टाकली आणि पळाली. तिच्यामागं बाकीच्या. आणि मागून चंदनाचा आवाज, माईक नसताना:

"माते, सतरावं सपान पडलं गं!"

बस्ती हसली. उपाध्ये हसले. आमचे हे सगळ्यांत आधी हसले.

पडदा ओढायला कुणी नव्हतं. मीच उठून ओढला.

८ सप्टेंबर, सोमवार. क्षमावाणी

सकाळी ब्राह्मीनं शाळेचा कागद वाचून दाखवला. मॅडमनी चिठ्ठीबरोबरच दिला होता. मी तो फडताळात डब्यांखाली अंथरला होता. त्यात लिहिलंय, ऊ डोक्याबाहेर एकदोन दिवसच जगते, मग उपाशी मरते.

पिशवी उजेडात नेऊन झटकली. कापसाचे बोळे पडले. त्यावर तिळासारख्या, वाळलेल्या. एकही हलेना. ब्राह्मी म्हणाली, "आई, या तर सगळ्या मेल्या." मी म्हटलं, दिसतंय मला.

म्हणजे मी ज्यांना अभय दिलं, त्या पर्वात उपाशी गेल्या. वाचल्या त्या गंगावनावरून माझ्या डोक्यात चढल्या, तेवढ्याच.

पिशवीसकट पुरलं सगळं. पारिजातकाखाली.

आज घरोघरी जाऊन क्षमा मागायची. शेजारचं घर सोडून सगळीकडं जाऊन आले. प्रत्येक बाई उंबऱ्याबाहेरूनच "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा" म्हणाली. आत ये कुणी म्हटलं नाही.

मग उरलंच एक घर. ब्राह्मी माझ्या आधीच तिथं होती, मल्लिकाबरोबर एका पाटावर. दोघींची डोकी एकमेकींना चिकटलेली. 

चंदनाला म्हटलं, झालं गेलं, उत्तम क्षमा. मल्लिकालाही म्हटलं. लहान पोरीपुढं हात जोडायची वेळ आली. मल्लिका म्हणाली, "काकी, उद्यापास्नं मी ब्राह्मीच्याच बाकावर बसनार." बस म्हटलं.

वाटलं, चंदना आता ऐकवेल. तर म्हणाली, "बसा खाली. शाम्पू न्हाई आता, सगळ्या कुमारींनी नेला. फणीच घ्यावी लागंल."

पायरीवर बसले. तिनं माझी वेणी सोडली. थोड्या वेळानं हात थांबला. "आक्का, घावली. काय करू? पिशवीत सोडू का?"

पिशवी सकाळीच पुरली, हे ब्राह्मीकडून तिला कळलं होतं. पोरी वाकून बघत होत्या.

मी डोळे मिटले. म्हटलं, नख तुझं आहे. मी काय सांगू?

टच्.

थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. मी मान हलवली नाही. दर वेळी मनात उत्तम क्षमा म्हणत राहिले. त्यांना का चंदनाला, ते ठरवलं नाही. इतकं बरं वाटत होतं की दोनदा म्हणायचंच राहिलं.