पुण्यातली ओळख

बाई, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. बुलढाण्याच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी आणि तुमची मुलगी फरशीवर बसून गणितं सोडवायचो. तुम्ही भाकरी थापता थापता वह्यांकडे पाहायचात, माझं उत्तर आधी आलेलं दिसायचं, आणि म्हणायचात, "पोरी, नोकरीत डोकं पाहतात, बाप नाही पाहत." माझा बाप धाडच्या बाजारात वांगी-मिरच्या विकायचा. तुमचं बोलणं मी घरी जाऊन त्याला सांगितलं, तर तो कितीतरी वेळ हसत होता, खूश होऊन.

डिप्लोमा झाल्यावर आम्ही दोघी मलकापूरहून गाडीत बसून पुण्याला गेलो, एकाच कारखान्यात मुलाखतीला. लेखी परीक्षेत मी तिच्या वर होते. आत मात्र विचारलं, वडील काय करतात, पुण्यात ओळखीचं कोण आहे, राहणार कुठे. "मले इथलं काही ठाऊक नाही," असं तोंडून निघून गेलं. एक साहेब दुसऱ्याकडे पाहून हसले. तुमची मुलगी ऑफिसात लागली. मी त्याच कारखान्यात ठेकेदाराकडून पॅकिंगला उभी राहिले. तिच्या शेजारच्या टेबलापर्यंत पोचायला मला नऊ वर्षं लागली. ती सगळी वर्षं मी माझ्या बोलीला दोष देत राहिले आणि दर दिवाळीला तुमच्या पाया पडायला येत राहिले.

मग एकदा डबा खाताना तुमची मुलगी सहज बोलून गेली. तिचा मामा तिथेच मोठ्या हुद्द्यावर होता. मुलाखतीआधी तुम्ही त्याला फोन केलात, तेव्हा त्यानंच विचारलं होतं, जागा दोन आहेत, गावाकडचं आणखी कोणी आहे का. तुम्ही म्हणालात, "नाही रे, एकीचंच पाहजो." तिला वाटत होतं, हे मला माहीत आहे.

मुलीसाठी शब्द टाकलात, त्याचा राग नाही. माझ्या बापाची कुणाशी ओळख असती तर त्यानंही टाकला असता. पण तुम्हाला विचारलं होतं, बाई. नुसतं माझं नाव घ्यायचं होतं. मी तिच्या पुढे जाईन असं वाटलं का? की त्या क्षणी मी आठवलेच नाही? यातलं कोणतं जास्त लागेल, ते मला अजून ठरवता येत नाही.

हे तिला वाचायला देता आलं असतं. देणार नाही. आम्ही रोज शेजारी बसून जेवतो.

डबा खातानाच्या त्या बोलण्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा माझ्या आईचा फोन आला होता. "बाई तुले बोलावून राह्यल्या, काही सांगाचं म्हणतात." मी कळवलं, रजा मिळत नाही. रजा मी मागितलीच नव्हती.