दारूची पारख

७८६
अजमान, ४ सप्टेंबर २०२५

ती. हुरबानू आपा यांस,
बदरुन्निसाचा सलाम. वि. वि.

इथे सगळी खैरियत. तुमच्या गुडघ्यासाठी प्रत्येक नमाजेनंतर दुआ मागते. तुमचे भाऊ म्हणतात, आपाला फोन कर, पत्र कसलं लिहितेस. पण आपल्या फॅमिली ग्रुपवर एक शब्द टाकला की तो संध्याकाळच्या मगरिबपर्यंत श्रीवर्धनहून कुवेतला जाऊन परत येतो. लग्नाची बोलणी कागदावरच बरी.

मुलीचा बाप नेमकं काय काम करतो, असं रुहानच्या अब्बांनी तुम्हाला विचारलं म्हणे. तुमचं त्या घरी शेजारपणाचं जाणं-येणं आहे, स्थळही तुमच्याच ओळखीचं, म्हणून सविस्तर लिहिते.

हे रायफल क्लबात काडतुसं भरतात. क्लब लायसन्सचा, खोलीत कॅमेरे. मॅचला बाजारची तयार काडतुसं चालत नाहीत. जड गोळीला सावकाश जळणारी दारू लागते, हलकीला लवकर जळणारी. एकाच डब्यातल्या गोळ्यासुद्धा हे वजन करून वेगळ्या काढतात. इथल्या उन्हात दारू तापली की गोळी निशाण्याच्या कागदावर वर चढते, म्हणून उन्हाने न बिघडणारी शोधायची. आणि मनासारखी मिळाली की त्याच घाण्याचे डबे एकदम भरून ठेवायचे, जसे आपण वर्षाचे तांदूळ एकाच गिरणीतले घेतो. मी म्हटलं, मग सगळ्यात महागातली घेऊन मोकळं व्हावं. तर म्हणाले, महागाचा इथे उपयोग नाही, त्या एका बंदुकीला जी दारू नि जी गोळी मानवते तीच खरी. पाच गोळ्या झाडायच्या, भोकं एकमेकांना चिकटली की जोडी जमली. मला लगेच इन्शा-रुहानच आठवले.

आपा, यांच्यासारखी दारूची पारख अख्ख्या अमिरातीत कुणाला नाही. मोठमोठे अरब यांच्याच हातची मागतात. एवढं आवर्जून सांगा.

इन्शासाठी निकाहचं कापड घेतलं. सेल होता तरी साडेचारशे दिरहम, म्हणजे आपले दहा हजारांच्या वर. जिवावर आलं, पण मुलगी एकच. रुहान इथे दुबईतच नोकरीला, म्हणून दोघं मरीनाला कॉफी प्यायला भेटलीसुद्धा, आमच्या परवानगीने. इन्शा आल्यापासून गप्प आहे, लाजते बिचारी.

उझमाचं काही जमलं का? एकोणतिसावं लागलं ना? मनाला लावून घेऊ नका. काही मुली अल्लाने आईबापाच्या सेवेसाठीच राखून ठेवलेल्या असतात.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
आपली,
बदरुन्निसा


श्रीवर्धन, १८ सप्टेंबर २०२५

चि. बदरू हिस,
हुरबानूच्या अनेक दुआ.

पत्र पोचलं. चष्मा मोडलाय, अंदाजाने लिहिता येतं पण वाचता येत नाही, म्हणून तुझी सगळी पत्रं उझमाच मला वाचून दाखवते. हेही वाचलं, शेवटच्या ओळींसकट. मामीला आपलं वय पाठ आहे याचं तिला फार बरं वाटलं.

तू आवर्जून सांग म्हणालीस ते मी सांगितलं. माझ्या तोंडचं कुणाला पटेल न पटेल, म्हणून तुझ्या अक्षरातल्या त्या दोन ओळींचा फोटो काढून रुहानच्या अम्मीला पाठवला. बाकी पत्र खाजगी, ते कसं दाखवणार? तर त्या बाईने फोटो ग्रुपवर टाकला. आता मोहल्ल्यात बोलतात की अन्वर अरबांना दारू पारखून देतो. रुहानचे अब्बा मशिदीचे ट्रस्टी. जुम्म्याला कुणी तरी त्यांना विचारलं, व्याही ग्लास घेऊन येणार की बाटली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी काय बोलणार? अक्षर तुझं, शब्द तुझे.

तुझं अक्षर मात्र छान आहे हो. मॅट्रिकपर्यंत शिकल्याचं सार्थक झालं.

अन्वरला जप. तुझ्या घरावर माझा जीव आहे, तो तसाच राहील.
हुरबानू


७८६
अजमान, २६ सप्टेंबर २०२५

ती. हुरबानू आपा यांस,
सलाम. वि. वि.

पत्र वाचून हातातला तवा खाली पडला. आपा, ती बंदुकीची दारू. आपल्या भाषेत तिला दुसरा शब्द कुठे आहे? तुमचे अब्बा ठासणीच्या बंदुकीत दारू भरायचे, तेव्हा मोहल्ल्याने त्यांना दारुडा म्हटलं होतं का? तुम्हाला हे कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

यांनी आयुष्यात सिगरेट ओढली नाही. तुमचे भाऊ आहेत ते. मी त्यांना अजून काही बोललेले नाही. कळलं तर खलास, पुन्हा गावाचं नाव घेणार नाहीत.

मी पदर पसरते. माझं पत्र घेऊन आजच्या आज त्यांच्याकडे जा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. उझमाबद्दल लिहिलं ते चुकलं असेल, ते मला बोला. इन्शाचं लग्न मोडू देऊ नका. इथे वाढलेल्या मुलीला गावाकडचं चांगलं घर पुन्हा मिळणार नाही. तिला सांगितलं तर म्हणते, ममा, रिलॅक्स, इट्स ओके. तिला काय कळतंय.

तुमच्या शब्दावर सगळं आहे. माया असू द्या.
बदरुन्निसा


श्रीवर्धन, १२ ऑक्टोबर २०२५

चि. बदरू हिस,
अनेक दुआ.

तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेले का? त्याच दिवशी रिक्षा करून गेले. उझमाला सोबत नेलं आणि तिने पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. जड गोळी, हलकी गोळी, उन्हात तापणारी दारू, सगळं. मग रुहानचे अब्बा म्हणाले, परक्या मुलखात बंदुकीच्या गोळ्या भरणारा व्याही नको. उद्या पोलिसांनी काही विचारलं तर माझ्या पोराचा व्हिसा जाईल. लायसन्सचं मी सांगितलं, कॅमेऱ्यांचं सांगितलं. तर म्हणतात, त्यापेक्षा ती पहिली दारू परवडली, तिची तौबा तरी करता येते.

म्हणजे मोडलंच म्हण. अल्लाची मर्जी.

दुसरं असं की, उझमाचं वाचन त्यांना आवडलं. किती स्पष्ट वाचते, म्हणाले. परवा विचारायला आले. मी नाही म्हटलं, भाचीच्या ताटातलं आम्हाला नको. पण चांगल्या माणसांना किती वेळा नाही म्हणायचं? ७ नोव्हेंबरला, जुम्म्याच्या दिवशी निकाह आहे. रुहानला सुट्टी तेवढीच मिळते. नंतर उझमा सासू-सासऱ्यांपाशी राहील. सेवेचं तिच्या नशिबात आहे असं तूच म्हणाली होतीस.

ते निकाहचं कापड दुकानदार परत घेणार नाही. तू काटकसरीची, वाया गेलेलं तुला बघवणार नाही. उझमा नि इन्शा अंगाने सारख्याच. कुणी येणारं असेल त्याच्या हाती पाठव.

येण्याचा आग्रह करत नाही, लोक विचारतील. जिथे आहेस तिथून दुआ दे.
हुरबानू


७८६
अजमान, ३० ऑक्टोबर २०२५

ती. हुरबानू आपा यांस,
सलाम. वि. वि.

उझमाला मुबारक. कापड धाडलं आहे. ते घेऊन येणारा झुबेर यांच्या क्लबात ड्रायव्हर आहे, तुमच्या पलीकडच्या वाडीतला. कापड आल्या आल्या द्यायचं आणि हे पत्र निकाह झाल्यावरच, असं मी त्याला बजावलं आहे. मुलगा शब्दाचा पक्का आहे.

तुमचं मागचं पत्र वाचून मी रडत बसले, तेव्हा इन्शाने तोंड उघडलं. मरीनाला रुहानने तिला सांगितलं होतं की त्याचा निकाह झालेला आहे. ऑफिसातलीच बाई आहे, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घर आहे, तीन वर्षांची मुलगी आहे. घरच्यांना सांगायची छाती नाही. गावात आईबापाला बघायला कुणी तरी हवं, म्हणून तो हे लग्न करतोय. तुला हे चालत नसेल तर तूच नकार दे, मला घरी तोंड उघडता येणार नाही, असं म्हणाला. इन्शा धीर गोळा करत होती, तेवढ्यात तुम्ही तिचं काम केलंत. तुमचे उपकार कसे फेडू?

पोरगी तेव्हाच उझमाला फोन करायला निघाली होती. मी तिला नमाजेच्या मुसल्यावर बसवून तिच्याकडून शपथ घेतली. दुसऱ्याचा ऐब झाकणाऱ्याचा ऐब अल्ला झाकतो, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे. म्हणून आजवर झाकला. आता रुहान तुमचा जावई. ऐब घरातलाच झाला, घरात सांगायला हरकत नाही.

वाईट वाटून घेऊ नका. दुसरा निकाह आपल्यात जायज आहे, तौबासुद्धा करावी लागत नाही.

तुमची माया मला पुरून उरली आहे. तब्येत सांभाळा.
बदरुन्निसा


श्रीवर्धन, १६ नोव्हेंबर २०२५

ती. मामींना,
उझमाचा सलाम. वि. वि.

झुबेरने तुमचा शब्द पाळला. मी माहेरी पहिल्या फेरीला आले त्या दिवशी तो पत्र घेऊन आला. अम्मीने ते नेहमीसारखं माझ्या हातात दिलं आणि वाच म्हणाली. मी वाचलं: मुबारक, कापड धाडलं आहे, तुमचे उपकार कसे फेडू, तब्येत सांभाळा. अम्मी म्हणाली, बदरूचं मन मोठं, मीच उगाच घाबरत होते. मग तिने चहा टाकला.

तिला कळणार नाही. तुम्हाला जे बघायचं होतं ते बघायला मिळणार नाही, मामी.

रुहान गुरुवारी परत गेला. तो वाईट वागला नाही. त्याची अम्मी रात्री पाय चेपून घेते आणि मला बेटी म्हणते. मी आता इथेच असेन. तुम्हाला माझा राग नव्हता, हे मला ठाऊक आहे.

निकाहच्या आदल्या दिवशी, मेंदी चालू असताना इन्शाचा फोन आला होता. काही बोलली नाही, नुसती रडत होती. मला वाटलं, तिला माझा हेवा वाटतोय. मी सगळ्या बायकांसमोर स्पीकर लावला आणि तिला म्हटलं, नशीब ज्याचं त्याचं असतं, असं जळू नये. बायका हसल्या.

तिला शपथेतून सोडवा. माझा नंबर तोच आहे.

मामूंना सलाम.
उझमा