डेमो पीसवरचं अक्षर

कसबा पेठ, पुणे
६ जानेवारी २०२६

चि. स्वराली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन करतेस, पण त्यातलं निम्मं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू इंग्रजीत बोलतेस. म्हणून पत्र. हिंजवडी काही विलायतेत नाही, तरी तुला इकडे यायला सवड नसते. पोस्टमनला असते.

काम असं की मला टॅबलेट घ्यायचा आहे. खायचा नव्हे, लिहायचा. डॉक्टरांच्या तारखा, गॅसचा नंबर, वकिलांचे निरोप, सगळं मी कॅलेंडरच्या चौकोनात कोंबते आणि मग मलाच ते वाचता येत नाही. समोरच्या दुर्गाबाई टॅबलेटवर पेनाने लिहितात, हवं तेव्हा पान मोठं करतात, चुकलं की पुसतात. मला तसं हवं, पण पेन्शनीत बसणारं. कुठला घेऊ ते कळव.

वकील म्हणाले, नऊ फेब्रुवारीला माझी साक्ष आहे. तुझे बाबा, माझा धाकटा भाऊ श्याम, चष्म्याची काडी बसवून आणतो म्हणून घरातून गेला त्याला सात वर्षं होऊन गेली. या सात वर्षांत त्याची काहीही खबर नाही, एवढंच मी शपथेवर सांगायचं. मग कोर्ट तो वारला असं धरणार आणि तू मोकळी होणार. खरं आहे ते सांगायला मी कशाला भिऊ? तरी रोज एकदा कॅलेंडरवरची ती तारीख बघून येते, हे तुला सांगून ठेवते.

उत्तर लवकर लिही आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उल्काआत्या


हिंजवडी, पुणे
१० जानेवारी २०२६

ती. उल्काआत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं आणि इतकी हसले की शेजारची मुलगी हेडफोन काढून बघायला लागली.

आता नीट वाच. दहा-अकरा इंचांचाच घे. लहान घेतलास तर पुन्हा कोंबाकोंबी आली. बॉक्समध्ये पेन येतं असाच बघ, कारण पेन वेगळं घ्यायला लागलं की स्वस्ताई संपली. गेल्या वर्षीचं मॉडेल चालेल, कॅमेरा कसलाही असू दे. वर कागदासारखा खरखरीत स्क्रीन गार्ड लावून घे, म्हणजे पेन घसरत नाही. डिजिटल प्लॅनर म्हणजे नुसती तारखांची पानं असतात, ती मी तुला टॅबलेटमध्ये घालून देईन. बुधवार पेठेत बद्रीनाथशेठचं दुकान आहे तिथे जा आणि डेमो पीसवर तळवा टेकवून स्वतः चार ओळी लिही. तळव्याचे डाग उमटले तर तो नको. सेल्समनचं ऐकू नकोस, हे तुला सांगायची गरजच नाही म्हणा.

साक्षीचं म्हणशील, तर मला आता हे संपवायचं आहे. आई तर बाबांच्याही आधी गेली. सौमित्रशी लग्न ठरलंय, त्याची बदली कोचीला झालीये, आणि मी अजून दर रविवारी बाबांचं घर उघडून बसते. का, तर ते आले तर त्यांना कुलूप दिसू नये. मी थकले गं आत्या. ते गेले असं एकदा कोणीतरी ठामपणे सांगू दे.

तब्येत सांभाळ. लोभ आहेच, तो माझ्या आळसाने कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
स्वराली


कसबा पेठ, पुणे
१९ जानेवारी २०२६

चि. स्वराली हिस,
अनेक आशीर्वाद.

बद्रीनाथशेठकडे दुकान उघडताच गेले. टॅबलेट बघितले, दुकानात एक चक्कर मारली, आणि पेनवाल्या टॅबलेटपाशी परत येऊन चष्मा लावला. प्लॅनरचं पान उघडं होतं. त्यावर लिहिलं होतं: श्री. श्याम घरी आहे.

तुला ही ओळ ठाऊक आहे. लहानपणी मित्र खालून हाका मारायचे आणि आमचे वडील खिडकीतून सांगायचे की श्याम घरी नाही. तेव्हापासून नवं पेन हातात आलं की हा हीच ओळ लिहून बघायचा, पुढे साहेब झाला तरी. आणि अक्षर त्याचंच, डावखुऱ्याचं, मागे रेललेलं. माझं आयुष्य पोरांच्या वह्या तपासण्यात गेलंय. अक्षर ओळखायला मी चुकत नाही.

कोणी लिहिलं म्हणून विचारलं, तर बद्रीनाथशेठ म्हणाले की डेमो पीस रोज सकाळी पुसतात आणि आज आलेलं पहिलं गिऱ्हाईक मीच. मी तशीच घरी आले. परवा लक्ष्मी रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथला टॅबलेट वेगळ्या कंपनीचा, आणि त्यावर तीच ओळ. या यंत्रात शाई नसते हे मला कळतं. तरी ती ओली दिसत होती.

आता तूच सांग, खबर नाही असं मी शपथेवर कसं म्हणू? तू चिडशील. चिड, पण पत्र लिही.

तुझी,
आत्या


हिंजवडी, पुणे
२७ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चिडले. मी कोचीला जाऊ नये म्हणून तू हे रचलंस असंही मनात आलं, त्याबद्दल माफ कर. शनिवारी सौमित्रला घेऊन दोन्ही दुकानांत गेले आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवायला लावलं.

आत्या, ती ओळ तू लिहिली आहेस. तू आत येतेस, पर्स काउंटरवर ठेवतेस, पेन डाव्या हातात घेतेस आणि बाहेर रस्त्याकडे बघत लिहितेस. पानाकडे तुझं लक्षच नाही. मग पेन ठेवून चक्कर मारतेस, परत येतेस, चष्मा लावतेस आणि दचकतेस. दोन्हीकडे तसंच.

घाबरू नकोस. मनाला लागलेलं असं कुठूनही बाहेर पडतं, असं सौमित्र म्हणतो. डॉक्टरांना मात्र दाखव. आणि तू लिहिलंस म्हणजे ती बाबांची खबर नव्हे. नऊ तारखेला एवढंच लक्षात ठेव.

तुझी,
स्वराली

ता. क. सौमित्रला बोलले नाही, पण तुला सांगते. लिहिताना तुझ्या नाकावर चष्मा नाहीये. तरी तू मधेच बोटाने तो वर सारतेस. बाबा सारायचे तसा.


कसबा पेठ, पुणे
२ फेब्रुवारी २०२६

चि. स्वराली हिस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि मीठ कमी करा म्हणून सांगितलं. एवढ्यासाठी मोठ्या पदव्या लागतात.

घरी डाव्या हाताने लिहून बघितलं. साधा श जमेना, कोंबडीचे पाय नुसते. पण कॅमेऱ्याने पाहिलं ते पाहिलं, त्याच्याशी मी वाद घालत नाही. टॅबलेट आणला, तू सांगितलास तसाच, खरखरीत गार्ड लावून. त्यावर काही उमटलेलं नाही. उजव्या हाताने नऊ तारखेच्या पानावर ‘साक्ष’ असं लिहून ठेवलं आहे.

खबर नाही असं मी सांगणार. तू जा, संसार कर. तुझी वाट मी अडवणार नाही. पण मला भीती वाटते बाळ. श्यामची नाही. लहानपणी तो अंधारात माझाच हात धरायचा, त्याची कसली भीती? माझ्या हाताचीच वाटते.

कोर्टात माझ्या शेजारी उभी राहा. एवढी माया या म्हातारीवर ठेव.

तुझी,
आत्या


हिंजवडी, पुणे
११ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पाकिटावर तुमचं नाव घातलं आहे, आणि खाली आत्याचा पत्ता. दुसरा कुठला घालणार? आत्या परक्याचं पत्र फोडत नाही. तरी हे फोडलं जाईल, मला माहीत आहे.

परवा आत्या कोर्टात स्वच्छ बोलली. सात वर्षांत भावाची काही खबर नाही, असं तिने शपथेवर सांगितलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. मग जबाबाचा कागद सहीसाठी पुढे आला. तिने पेन डाव्या हातात घेतलं आणि खिडकीकडे बघत सही केली. कागदावर ‘श्यामसुंदर’ असं तुमचं पूर्ण नाव उमटलं, मागे रेललेलं. कारकुनाने न बघताच शिक्का मारला. बाहेर आल्यावर आत्याने मला विचारलं, की आपली सही राहिली तर नाही ना.

मला तिथेच ओरडायचं होतं. वाटलं, तुम्ही हे अडवायला आलात. पण या खेपेला तुम्ही ती ओळ लिहिली नाहीत. तुम्ही गेलात असं सांगणाऱ्या कागदाखाली नुसती सही केलीत. म्हणजे तुमची हरकत नाही, असं मी धरून चालले आहे. मी त्या वेळी रडले, ते भीतीने नव्हे. कोणीतरी ठामपणे सांगितलं, आणि ते तुम्हीच सांगितलंत.

रविवारी तुमच्या घराला कायमचं कुलूप लावते. लग्न वैशाखात आहे. आशीर्वाद द्या, पण दुरून द्या. आत्याचा हात आता सोडा बाबा, ती एकटी आहे आणि भ्यायली आहे. माझी माया होती तेवढीच आहे, तिच्यात कधी खंड पडणार नाही.

उत्तर पाठवू नका.

तुमची,
स्वराली