न दाखवता मागितलेलं औषध

३ ऑगस्ट
परत खाज. तिथंच. गिऱ्हाईक समोर उभं अन् माझा हात खिशात, असं किती दिवस चालायचं? सकाळी शोभाला झापलं. कपडे धुवायची नवी पावडर आणली स्वस्तातली, चड्ड्या नीट खळबळत न्हाई, साबण तसाच राहतो. म्हणली, "अहो, त्याच पावडरीत माझे बी कपडे धुते." बायकोनं नवऱ्याला उलट बोलायचं एक निमित्त पाहिजे फक्त. तीस वर्षं आष्टीत खतं-औषधाचं दुकान चालवून राह्यलो, अन् आता चड्डीवरून भांडायची पाळी.

५ ऑगस्ट
सोयाबीनवाला एक आल्ता. डाग पडले म्हणे. कसले? "असे... तांबडे, जरा पिवळे." पान आणलं का? न्हाई. दिला हाकलून. पाटी लावलीय ढळढळीत, नमुना दाखवल्याशिवाय औषध मिळणार नाही. तोंडी सांगून औषध मागतेत लेकाचे! मी काय ज्योतिषी हाय?
संध्याकाळी बबनच्या मेडिकलवर गेल्तो. बाया उभ्या होत्या, त्या जाईस्तोर खोकल्याच्या बाटल्या वाचत बसलो. मंग हळूच म्हणलं, पाव्हण्यासाठी पाहिजे, खाजेचं, खालच्या अंगाला. बबननं वर बी बघितलं न्हाई. ट्यूब दिली. "लय जण नेतेत. तीन दिवसात बराबर."

९ ऑगस्ट
चांगलाच उतार. ट्यूब भारी हाय. तरी शोभाची पावडर उकिरड्यावर फेकली. तिनं गुमान जुनी पावडर आणली. बोलणार काय?

१६ ऑगस्ट
कशाचं काय! ट्यूब संपली अन् दुपटीनं आलं. पुढच्या कातडीला चिरा पडल्या, पांढरं साचून राह्यलं, लघवी लागली की आग. अन् लघवीला तरी किती वेळा जायचं, दुकान सोडून. तुरटीच्या पाण्यानं धुतलं. आई गं! डोळ्यापुढं काजवे. शोभा दाराबाहेर, "काय झालं हो?" म्हणलं पाणी कडक हाय. पाणी थंडगार होतं.
बबनकडून दुसरी ट्यूब, महागाची. त्याचाच राग आला. अरे लेका, एकदा तरी म्हण की डॉक्टरला दाखव! मी बी पाव्हण्याचंच नाव सांगून राह्यलो म्हणा.

२१ ऑगस्ट
शोभावर परत तोंड सोडलं. दोघात एकच टॉवेल ठेवते, तुझ्यामुळंच झालं म्हणलं. पोळी लाटायची थांबली. "काय झालं ते तर सांगा." ताटावरून उठलो.
सूज आलीय. कातडी मागं सरकंना. भ्या वाटून राह्यलं, खोटं कशाला लिहू.

२३ ऑगस्ट
परतूरला गेलो. आष्टीत दाखवलं असतं तर पोळ्याच्या आत गावभर. चामडीचे डॉक्टर म्हणून आत शिरलो तर बाई! आपल्या पोरीच्या वयाची. फिरलो माघारी, तेवढ्यात नंबर पुकारला.
म्हणलं, जरा खाज हाय म्याडम, एखादी ट्यूब लिहा. तर म्हणते, "काका, बघितल्याशिवाय मी औषध लिहीत नाही." असा संताप आला! माझ्याच दुकानातली पाटी मलाच वाचून दाखवल्यावानी. पडदा ओढला, कंपाउंडर संग उभा केला, अर्ध्या मिनिटात बघून झालं. अर्धा मिनिट! त्याच्यासाठी तीन हप्ते जळत राह्यलो.
बुरशी निघाली. पावडरीचा काही संबंध न्हाई. बबनच्या ट्यूबा दाखवल्या तर कपाळाला हात लावला. त्यात स्टेरॉईड हाय, खाज दबते अन् बुरशी आतून वाढत राहते. बुरशीचं दुसरं मलम लिहून दिलं; साबण, तुरटी सगळं बंद, साधं पाणी, कोरडं ठेवायचं. "हप्ताभरात उतार नाही, परत परत होतंय, चिरा, सूज, लघवीला त्रास, यातलं काही बी झालं तर घरी बसायचं नाही काका."
मंग लघवी किती वेळा, तहान किती, घरात शुगर कुणाला, असं विचारत बसली. बोटाला सुई टोचली. शुगर ३१२. म्हणली, शुगर एवढी वाढली की ही बुरशी परत परत होते. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायचं.
निघताना म्हणली, "काकूंना काही त्रास? असेल तर त्यांनाही आणा." म्हणलं, तिला काय होतंय, ठणठणीत हाय ती.

२४ ऑगस्ट
रक्त देऊन आलो. शोभाला सगळं सांगितलं, शुगरचं बी, त्या जागेचं बी. ती शेंगा निवडत होती. मंग इचारलं, तुला तसलं काही न्हाई ना?
मान वर न करता म्हणली, "उन्हाळ्यापासून हाय."
उन्हाळ्यापासून! खोबरेल लावून दिवस काढून राह्यली. म्हणलं, मंग बोलली का न्हाई?
"कुणाला बोलू? तुम्ही पावडरीचं काढलं, टॉवेलचं काढलं. मला वाटलं माझ्यामुळंच तुम्हाला झालं. म्हणून गप बसले."
मी तिला किती बोललो, ते सगळं तिनं खरं धरलं. जीभ झडावी माझी.

२५ ऑगस्ट
म्हणलं, उद्या परतूरला चल. बाई डॉक्टर हाय, लाजायचं काम न्हाई.
"बाई असू दे न्हाईतर देव. मी न्हाई दाखवत."
ओरडलो मी. परत ओरडलोच! अशानं वाढंल म्हणलं, शुगर निघाली तुझी बी तर? तर शांतपणे म्हणते, "तुम्हाला दाखवायला तीन हप्ते लागले. मला किती देताल?"


२६ ऑगस्ट
दुकान उघडलं न्हाई. गाडी पुसून दारात लावली, नंबर साडेदहाचा. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं काय, तर "आवर जल्दी". स्वतःच्या कानफटात मारावी वाटली.
ओसरीवर बसून हे लिहून राह्यलो. दहा वाजले. आत भांड्यांचा आवाज चालू हाय. येते का न्हाई, कळंना.