तापलेल्या टायरची हवा

२२ डिसेंबर, सोमवार. कोरेगाव.

काल सांगलीहून येताना पंपावर मी जे बोलले, ते डोक्यातून जात नाही. भर दुपार होती. गाडीच्या स्क्रीनवर चारही टायरांची हवा अडतीस दिसत होती, हवी तेहतीस. मी पंपावरच्या माणसाला कमी करायला लावली. शेजारी बसलेले आप्पा म्हणाले, "आगं, टायर तापल्यात. आत्ता हवा काढू नगं. सकाळी गार असताना बघू." माझे वडील, पंचवीस वर्षं फौजेत ट्रक चालवलेला माणूस! आणि मी परक्यासमोर म्हटलं, "आप्पा, गाडीच सांगते आता सगळं. तुमचे दिवस गेले."



आज सकाळी पाचगणीला शाळेत जायला निघाले, तर आप्पा गाडीपाशी उभे, हातात हवा मोजायचा त्यांचा जुना पितळी गेज. उशीर होतोय म्हणत मी निघाले. कसला उशीर? दोन मिनिटांचं तर काम. गाव सोडलं आणि स्क्रीनवर कमी हवेचा पिवळा दिवा लागला. चारही टायर सव्वीसवर. जास्तीची म्हणून काढलेली हवा जास्तीची नव्हतीच. नुसती तापलेली होती.

संध्याकाळी आल्या आल्या म्हटलं, "आप्पा, उद्या सकाळी तुमचा गेज लावून बघूया."

"त्यो व्हय? दिला की शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला. तुझी गाडीच सांगती न्हवं आता सगळं."

टोमणा नव्हता. पिवळ्या दिव्याचं त्यांना ठाऊकही नाही. अगदी मनापासून पटल्यासारखे बोलले.